‘मेट्रिक्स’च्या तिसऱ्या भागात मेट्रिक्सच गायब

‘द मेट्रिक्स रिव्होल्यूशन्स’ नोव्हेंबर २००३ मध्ये जगभर एकाच वेळी लागला. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या दुसऱ्या भागाने, ‘रीलोडेड’ने, ७० कोटी डॉलरच्या पुढे गल्ला जमवला होता, हा ४३ कोटींच्या आतच थांबला. पुढे २०२१ मध्ये चौथा भाग आला खरा, पण मूळ गोष्ट संपवायची जबाबदारी याच सिनेमावर होती. (शेवट फोडणार आहे. पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

मेट्रिक्स म्हणजे यंत्रांनी माणसांना गुंतवून ठेवायला उभं केलेलं संगणकी आभासी जग. पहिल्या भागातल्या मारामाऱ्या रंगल्या त्या या जगाच्या नियमांमुळे. आत मेलात तर बाहेरचं शरीरही मरतं, बाहेर पडायला वायरचा फोन लागतो आणि एजंट, म्हणजे यंत्रांचा पहारेकरी प्रोग्रॅम, आत कुणाच्याही अंगात शिरू शकतो. भुयारी स्टेशनातला प्रसंग आठवा: नायक निओची साथीदार ट्रिनिटी फोनमधून निसटते आणि त्याच क्षणी एजंट स्मिथची गोळी रिसीव्हरचे तुकडे करते. आता निओला वाट नाही. त्यानंतरचा प्रत्येक ठोसा लागतो, कारण तोंडातून येणारं रक्त खरं आहे आणि निओ अजून कच्चा आहे. युएन वू-पिंगची कोरिओग्राफी आणि कलाकारांची कित्येक महिन्यांची तालीम हे सगळं आहेच, पण आधी हा पेच आहे.

तिसऱ्या भागात हा पेचच उरत नाही. सुरुवातीला निओ ‘मोबिल ॲव्हेन्यू’ स्टेशनात अडकतो (मोबिलची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की ‘लिंबो’ होतं, कोडं छान आहे), मग क्लबच्या छतावर उलटे चालणाऱ्या पहारेकऱ्यांशी गोळीबार होतो, जो पहिल्या भागातल्या लॉबीच्या प्रसंगाची फिकी नक्कल वाटतो. त्यानंतर मेट्रिक्स जवळजवळ बाजूलाच पडतं आणि सिनेमा झायनमध्ये, म्हणजे बाहेरच्या खऱ्या जगातल्या माणसांच्या शेवटच्या शहरात, जाऊन बसतो.

खरं घोडं पेंड खातं ते इथे. झायनची लढाई कारागिरी म्हणून जबरदस्त आहे. अडीच लाख सेंटिनेल (यंत्रांचे उडते मारेकरी), म्हणजे शहरातल्या प्रत्येक माणसामागे एक. छत फोडून त्यांचा लोंढा आत येतो, खाली उघड्या सांगाड्याच्या यंत्रांत बसलेले सैनिक गोळ्या संपेपर्यंत मारा करतात आणि कोवळा ‘किड’ गाड्यावरून काडतुसांच्या पेट्या पोहोचवतो. माणसांचं उडतं जहाज आत येताच ईएमपी (विजेवर चालणारं सगळं बंद पाडणारा झटका) सोडतात, सेंटिनेल पडतात, पण शहराची स्वतःची संरक्षण यंत्रणाही बंद पडते. नियमाची किंमत मोजायला लावणारा प्रसंग असा असतो!

पण हे चालू असताना निओ आणि ट्रिनिटी दुसऱ्या जहाजातून यंत्रांच्या शहराकडे निघालेत आणि निओचा गुरू मॉर्फियस जहाज चालवणाऱ्या नायोबीच्या शेजारच्या खुर्चीत बसून आहे. दोन सिनेमे ज्याच्या श्रद्धेवर उभे राहिले, त्याला सहाय्यक चालक करून टाकलं. लढतात कोण? सैनिकांचा कप्तान मिफुने आणि किड. किड मुळात कोण, हे ‘ॲनिमेट्रिक्स’ या ॲनिमेशन-संग्रहातल्या लघुपटात, नायोबीच्या गोष्टीचा मोठा भाग ‘एंटर द मेट्रिक्स’ या गेममध्ये. तिकीट काढून बसलेल्याने हा गृहपाठ का करावा?

शेवटच्या पावसातल्या द्वंद्वात निओ आणि स्मिथ (ज्याने आता मेट्रिक्समधल्या सगळ्यांना आपल्याच प्रती करून टाकलंय) दोघंही अजिंक्य आहेत, त्यामुळे ठोसा कुणालाच लागत नाही. स्मिथचा चेहरा निओच्या मुठीखाली हळूहळू चेपतो तो शॉट संगणकात घडवलेला आहे आणि तसाच दिसतो. निओ हरतो, स्मिथ त्याला स्वतःसारखा करतो आणि सगळे स्मिथ फुटतात. निओचं शरीर यंत्रांना जोडलेलं असल्यामुळे स्मिथ आपसूक त्यांच्या कचाट्यात सापडला, असा अर्थ लावता येतो. त्याची तयारी आधी एका वाक्याने तरी व्हायला हवी होती.

ट्रिनिटीच्या मृत्यूचंही तेच. ‘रीलोडेड’मध्ये निओने तिची गोळी काढून बंद पडलेलं हृदय सुरू केलेलं आहे, तेव्हा इथे लांबलेला निरोप ऐकताना प्रेक्षक अर्ध्या मनाने पुन्हा तसंच काही होण्याची वाट पाहत राहतो. त्याआधी ढगांच्या वर जहाज गेल्यावर तिला काही सेकंद सूर्य दिसतो, तो शॉट मात्र अख्ख्या सिनेमात सर्वांत सुंदर.

ओरॅकलची, म्हणजे निओला भविष्य सांगणाऱ्या बाईची, नटी बदलली याबद्दल मात्र सिनेमाला दोष नको. ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये गेल्या आणि मेरी ॲलिस यांनी ती भूमिका नेटाने निभावली.

आणि संगीत ऐकाच. डॉन डेव्हिसने शेवटच्या द्वंद्वात वृंदगानाला चक्क ‘असतो मा सद्गमय’ दिलंय. उच्चार परके आहेत, कान देऊन ऐकलं तरच शब्द लागतात. श्रेयनामावलीला तेच शब्द जुनो रिॲक्टर या संगीतगटाच्या तालावर परत येतात, तेव्हा लगेच उठू नका.