बाळ, माळ आणि पाळ

पंचवटीतील ज्या शाळेत मी विशेष शिक्षिका म्हणून आठवड्यातून एकदा जाते, तेथील तिसरीच्या वर्गशिक्षिकांनी त्या दिवशी एका मुलीची श्रुतलेखनाची वही माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, हिला कर्णबधिर शाळेतच पाठवा. इथे तिचे वर्ष वाया जाते आहे." दहापैकी दोनच शब्द बरोबर होते.

चुका मात्र एकाच जातीच्या होत्या. 'बाळ'च्या जागी 'माळ', 'पाय'च्या जागी 'माय', 'मोर'च्या जागी 'बोर'. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. त्यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो कानांनाच कळतो. म्हणजे मुलगी अंदाजाने लिहीत नव्हती, तर बाईंचे ओठ विलक्षण लक्ष देऊन वाचत होती.

मी तिच्या बाकावर जाऊन बसले. बाईंच्या पाठीमागे खिडकी असल्याने त्यांचा चेहरा अंधारा दिसत होता, आणि फळ्याकडे वळल्या की तोही दिसत नव्हता. मुलीच्या कानातले श्रवणयंत्र बंद होते. ते कानात दिसते म्हणून कोणी विचारले नव्हते. मागच्या दोन भेटींत मीही सेल तपासला नव्हता, याची मला आजही खंत वाटते.

तिची आई मार्केट यार्डात कामाला जाते. निरोप मिळताच ती आली. "ताई, सेल दिवाळीआधीच संपला. कुठं मिळतो ते ठाऊक नव्हतं. आता शाळा बदलावी लागंल का?" दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकता येते. विशेष शाळा वाईट नव्हे. पण ती निवड घरच्यांची, वर्गातून काढण्याची वाट नव्हे, हे मी दोघींसमोर स्पष्ट सांगितले.

माझ्याजवळचा सेल घातला, मुलीला दुसऱ्या बाकावर आणले, आणि बाई उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शब्द आता सुटे न सांगता त्यांनी वाक्यात सांगितले: "बाळ पाळण्यात झोपले." सात शब्द बरोबर आले. 'पाळ'च्या जागी मात्र पुन्हा 'बाळ'च होते, कारण तो शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. बाईंनी स्वतःच्या कानाची पाळ चिमटीत धरून दाखवली. मुलीने यंत्राखालची आपली पाळ चाचपली, आणि खोडरबर घेऊन 'बाळ' पुसले.