फोटो बघून सांगायला काय जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पाऊस सुरू झाला की फोनवर अळंब्यांचे फोटो येऊ लागतात आणि खाली एकच ओळ असते: 'ही खाल्ली तर चालेल ना?' मी म्हणते, फोटोवरून सांगणार नाही. त्यावर जे येतं ते बोचतं. 'वीस वर्षं यात घालवलीत, मग एवढं सांगायला काय जातं?' कुणाला मी शिष्ट वाटते, कुणाला वाटतं मला मुळात येतच नसेल.

मला येतं. पण कशावरून येतं ते बघा. मी बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरते, बुंध्याला खालून वेढणारी पातळ पिशवी आहे का बघायला. देठ उभा चिरते आणि रंग पालटतो का ते बघत थांबते. वास घेते. छत्री कागदावर पालथी ठेवून रात्रभर बीजाणू, म्हणजे तिच्या बियांसारखी बारीक पूड, पडू देते आणि त्यांचा ठसा कोणत्या रंगाचा उमटतो ते बघते. तुमच्या फोटोत असते ती फक्त वरून दिसणारी छत्री, तीही बहुतेकदा देठापासून खुडलेली. अमानिटा फॅलॉइडिस, जिच्या अर्ध्या छत्रीने धडधाकट माणूस जाऊ शकतो, तिची पिशवी मातीत असते. खुडली की पिशवी मागेच राहते. इतर अमानिटांच्या छत्रीवरचे पांढरे पापुद्रेही एका जोरदार सरीत धुऊन जातात. पेंढ्यावर वाढणाऱ्या खाण्याच्या अळंबीलाही पिशवी असते, आणि कोवळेपणी ती आणि फॅलॉइडिस, दोघी अंड्यासारख्या मिटलेल्या असतात. मोठ्या झाल्यावर खाण्याच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर येतो, फॅलॉइडिसचा पांढरा. हे फोटोत कुठून येणार?

तरीही एके काळी मी फोटो बघून सांगायचे, आणि फार हौसेने सांगायचे. लोक अज्ञानापोटी घाबरतात, ती भीती आपण घालवायची, असं मला मनापासून वाटायचं. त्यात सगळंच चुकीचं नव्हतं. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर निर्धोक, उकळली की विष जातं, असल्या समजुतींनी माणसं मेली आहेत. अमानिटा फॅलॉइडिसचं विष उकळून जात नाही आणि चमच्याला ते कळतही नाही. हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. फक्त ते सांगता सांगता मी 'खा' म्हणायलाही लागले होते.

माझी आतेबहीण माझ्याबरोबर एकदा हिंडायला आली होती. तिला मी पॅरासोल नावाची खाण्याची अळंबी दाखवली. ताटलीएवढी छत्री, वर तपकिरी खवले, देठावर सैल कडं. ते कडं मी दोन बोटांत धरून वर-खाली सरकवून दाखवलं, तिला त्याची फार गंमत वाटली. त्याच देठावर सापाच्या कातेसारखी नक्षी असते. ती दाखवली की नाही, मला आजही आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला आहे.

तीनेक आठवड्यांनी संध्याकाळी तिचा फोटो आला. वर्तमानपत्रावर मांडलेल्या चार छत्र्या, एक उलटी. 'ताई, हीच ना? कडं सरकतंय.' मी फोटो मोठा करून पाहिला. खवले होते, छत्रीखालच्या पातळ पाकळ्या, म्हणजे कल्ले, पांढरे होते. लिहिलं, 'हो, तीच दिसतेय.' आणि फोन खाली ठेवला.

साडेदहाला तिचा फोन आला. आठला जेवले होते. आधी मुलाला उलट्या सुरू झाल्या, मग तिला, मग सासऱ्यांना. मी रुग्णालयात पोचले तेव्हा आठ वर्षांचं पोर पाय पोटाशी घेऊन पडलं होतं आणि उलटीत काढायला काही उरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, खाल्ल्यावर किती वेळाने सुरू झालं? ते का विचारताहेत हे मला कळत होतं. अमानिटा फॅलॉइडिसचं विष सहा ते बारा तास, कधी त्याहूनही उशिरा जागं होतं. उलट्या-जुलाब होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, आणि तेवढ्यात यकृत जात असतं. यांना दोन-अडीच तासांतच सुरू झालं होतं, म्हणजे बहुधा ते नव्हे. पण भांड्यात दोन जाती असल्या तर? लवकर बाधणारी दुसरीला झाकून टाकते. म्हणून यकृताच्या तपासण्या तीन दिवस पुन्हा पुन्हा झाल्या.

रात्री दोनला मी तिच्या घरी गेले, काही उरलंय का बघायला. कचऱ्याच्या डब्यात देठ सापडले. चारही गुळगुळीत, पांढरे, नक्षीचा मागमूस नाही. एक छत्री शिजवायची राहून गेली होती. ती अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घातली, वर काचेचा वाडगा झाकला आणि ओट्याला टेकून बसून राहिले. उजाडल्यावर वाडगा उचलला. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा ठसा उमटला होता, मळकट हिरवा.

क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, पॅरासोलसारखीच दिसणारी विषारी अळंबी. हिचंही कडं सरकतं. हिचे कल्लेही आधी पांढरेच असतात, बीजाणू पिकले की हिरवट होतात. हे मला फोटो पाहतानाही माहीत होतं. मी फक्त एक रात्र थांबले नव्हते.

सगळे बरे झाले. सासऱ्यांच्या अंगातलं पाणी फार गेलं होतं, त्यांना पाच दिवस ठेवावं लागलं. घरी जाताना बहीण मला म्हणाली, 'ताई, तू "दिसतेय" म्हणाली होतीस, "आहे" नव्हतीस म्हणाली.' तोपर्यंत मनातल्या मनात मी स्वतःही हेच घोकत होते. देठ नव्हते फोटोत, मी 'दिसतेय' लिहिलं होतं, माझा काय दोष. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि पुन्हा कधी म्हणवलं नाही.

'मग जी शंभर टक्के ओळखता येते ती तरी सांगा,' असंही विचारता. जर्मन कवकशास्त्रज्ञ युलियस शेफर १९४४ मध्ये पॅक्सिलस इन्व्होल्यूटस खाऊन गेले. त्यांची ओळख चुकली नव्हती. ती शिजवून खाण्याची अळंबी आहे असंच तेव्हा मानत. जपानमध्ये प्लुरोसिबेला पोरिजेन्स नावाची अळंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते. २००४ मध्ये तिने १७ जणांचा जीव घेतला. तेव्हा नाव बरोबर सांगितलं म्हणजे माझं काम संपलं, असंही मला म्हणता येत नाही.

पण गप्प बसून काय साधतं, हेही मला कळलेलं नाही. मी नाही सांगितलं तर लोक ॲपला विचारतात, ॲप ठणकावून नाव सांगतं आणि लोक खातात. माझं तेव्हाचं मन मला विचारतं, निदान तू देठ मागितले असतेस ना? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोटो आला. मी लिहिलं, खाऊ नका. बुंध्यासकट उपटलेली, खालून आणि बाजूने दाखवा, रात्रभर ठसा घ्या. त्यांचं उत्तर आलं, 'शिजवून झाली.' मी पुन्हा लिहिलं, तरीही खाऊ नका, आणि कुणी खाल्लीच असेल तर वेळ लिहून ठेवा, एखादी कच्ची उरली असेल तर कागदात गुंडाळून ठेवा, त्रास व्हायची वाट न बघता दवाखान्यात जा. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, सगळे बरे आहेत ना? निरोप पोचल्याची खूण दिसते आहे. उत्तर अजून आलेलं नाही.