राणीछाप, राम दरबार आणि ‘तक्रार नोंदवा’चं बटण

खोटं नाणं ओळखायला नाणी जमवणाऱ्याला फार वेळ लागत नाही. ओळखल्यानंतर ते विकणारी जाहिरात ऑनलाइन बाजारातून हटवायची कशी, हे मात्र मला गेल्या दिवाळीनंतर शिकावं लागलं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी लक्ष्मीपूजनासाठी फोनवरच्या खरेदीच्या ॲपवरून तीन ‘अस्सल चांदीचे राणीछाप’ रुपये आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, राम दरबार, अर्धा आणा’ असं एक तांब्याचं नाणं मागवलं होतं. सगळे मिळून साडेसात हजार, पेन्शनमधले. भाऊबीज झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि वाटी पुढे केली. “तुला यातलं कळतं ना गं? बघ बरं, चांगली आहेत ना?”

राम दरबारबद्दल काही तपासायचीही गरज नव्हती. ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ ॲना’ ही अक्षरं आणि भोवती पानांची वेल असलेलं नाणं १८३५ सालापासूनचं. त्या वर्षी कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी सुरू केली. त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा, आमच्या नाशिक भागात चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया चालत होता आणि त्यावर फारसीत शाह आलम बादशहाचं नाव असे. राम, सीता, लक्ष्मण, हनुमान एका बाजूला आणि कंपनीचं नाव दुसऱ्या बाजूला, असं तांब्याचं नाणं कंपनीने कधी पाडलं नाही.

इथे एक काळजी घ्यावी लागते. ‘कंपनीने देवादिकांची नाणी काढलीच नाहीत’ असं बरेच जण ठोकून देतात, ते चूक आहे. मद्रासच्या ‘स्टार पॅगोडा’ या कंपनीच्या सोन्याच्या नाण्यावर विष्णूची आकृती आहे. तक्रारीत असं एक जरी चुकीचं वाक्य गेलं, तरी विक्रेता तेवढंच धरून बसतो. आणि देवांच्या प्रतिमा असलेल्या मुद्रा, ज्यांना रामटंका म्हणतात, त्या पूजेसाठी पूर्वीपासून घडवल्या जातात. देवघरात ठेवायला त्या सुरेख असतात. फसवणूक आहे ती त्यांना चलनी नाणं म्हणण्यात, दोनशे वर्षांचं वय चिकटवण्यात आणि त्या वयाची किंमत लावण्यात.

राणीछापचं काम जास्त बारकाईचं होतं. एका बाजूला राणीचा मुकुट घातलेला चेहरा आणि ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’, दुसऱ्या बाजूला साल १८६२. इथेच गाडी अडते. १८६२ सालच्या रुपयावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असतं. सम्राज्ञी हा किताब तिने १८७६ च्या कायद्यानंतर घेतला आणि नाण्यांवर ‘एम्प्रेस’ १८७७ पासून आलं. म्हणजे दोन वेगळ्या काळांच्या दोन बाजू एकत्र ओतल्या होत्या.

तिन्ही रुपये मी खिडकीपाशी भिंग घेऊन पाहिले. राणीच्या हनुवटीखाली एक बारीक खड्डा होता. पहिल्यावर होता, दुसऱ्यावर होता, तिसऱ्यावरही अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा. खरी नाणी हातोहात फिरतात, प्रत्येकाचे ओरखडे वेगळे असतात. तीन नाण्यांना एकच जखम असेल तर ती साच्याची जखम असते. कडेच्या दात्यांमधून फिरणारी बारीक रेघही दिसली, साच्याच्या दोन अर्ध्या भागांची सांधण.

तरी वजनावाचून मी काही लिहीत नाही, म्हणून सराफ बाजारात ओळखीच्या सराफांकडे गेले. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. काकूंचा रुपया भरला ९.८२. झिजेने थोडं वजन जातं, पण अक्षरं अशी कोरी असताना जवळजवळ दोन ग्रॅम जात नाही. मग सराफांनी काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात सोडलं. आकडा आला १.१५. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की धातूची घनता मिळते. इथे ती साडेआठच्या आसपास आली. त्या काळच्या रुपयाच्या चांदीची घनता १०.३ च्या घरात असते. नाण्याला ओरखडाही न पाडता होणारी ही परीक्षा आहे, घरी चांगला डिजिटल काटा असेल तर कुणीही करू शकतं. सराफांनी टंचही (धातूत शुद्ध चांदी किती, याची तपासणी) काढून दिला. चांदी फक्त मुलाम्याची.

काकूंना मी सरळ सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “माझे गेले ते गेले, पण अजून किती जणी घेत असतील गं?” त्या प्रश्नामुळेच मी पुढचं सगळं केलं.

घरी येऊन ती जाहिरात उघडली. ‘अतिदुर्मीळ’ असं शीर्षक आणि खाली ‘फक्त ४८ शिल्लक’. दुर्मीळ नाणं एकेक विकलं जातं आणि ज्याचा फोटो असतो तेच हातात येतं. जिथे नग वाढवायचं बटण आहे, तिथून जुनं नाणं घेऊ नये, हे मी आता सगळ्यांना सांगते. मग फोटोवरून फोटो शोधला. दुसऱ्या नावांच्या विक्रेत्यांकडेही तोच रुपया होता, कुठे लाल मखमलीवर, कुठे वर्तमानपत्रावर. फोटो वेगळे, पण हनुवटीखालचा खड्डा सगळीकडे तोच. चोरलेला फोटो आणि एका साच्यातला माल यांतला फरक असा कळतो. राम दरबारच्या जाहिरातीत तर एक व्हिडिओ होता, त्यात ते नाणं लोहचुंबकाला चिकटत होतं आणि ‘दैवी शक्तीचं तांब्याचं नाणं’ असं लिहिलं होतं. तांबं चुंबकाला चिकटत नाही. विक्रेत्यानेच आपल्या विरुद्ध पुरावा दिला होता.

ॲपमधल्या ‘तक्रार नोंदवा’ बटणापासून सुरुवात केली. तिथे ‘बनावट वस्तू’ हा पर्याय ओढ लावतो, पण तो निवडला की ‘तुम्ही या ब्रँडचे मालक आहात का’ अशी विचारणा होते. व्हिक्टोरियाच्या रुपयाचा मालक कोण होणार? तो मार्ग बुटांच्या आणि घड्याळांच्या नकलांसाठी बनवलेला आहे. नाण्यांसाठी ‘वर्णन चुकीचे किंवा दिशाभूल करणारे’ हाच पर्याय घ्यायचा. त्यातूनही मला आधी ठरावीक उत्तर आलं, ‘नियमभंग आढळला नाही’.

तेव्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन बाजाराला या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. नाव पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं, पण असतं.

लिहिण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले. जाहिरातीची लिंक, विक्रेत्याचं नाव-पत्ता, किंमत, शिल्लक नग, तारीख-वेळ दिसेल असे. व्हिडिओही उतरवून ठेवला. तक्रार गेली की अशा जाहिराती रातोरात गायब होतात आणि मग दाखवायला हातात काही उरत नाही.

तक्रार इंग्रजीत पाठवली, पण मजकूर मराठीत सांगायचा तर असा: ‘जाहिरातीत साल १८६२ आणि “एम्प्रेस” दोन्ही आहेत. हा किताब नाण्यांवर १८७७ पासून आहे. वजन ११.६६ ग्रॅम हवं, मिळालं ९.८२, सराफाची टंच-पावती जोडली आहे. तांब्याचं म्हणून विकलेलं नाणं विक्रेत्याच्याच व्हिडिओत चुंबकाला चिकटतं. विक्रेता ही नाणी दोनशे वर्षांची म्हणून परदेशी पाठवायची तयारी दाखवतो. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा दावा खरा असेल तर ही बेकायदा निर्यात आहे आणि खोटा असेल तर ग्राहकाची फसवणूक.’

‘हे खोटं आहे’ एवढंच लिहिलं तर समोरच्या माणसाला नाण्यांतलं काही कळत नसतं, तो फाईल बंद करतो. त्याला नाणेशास्त्र शिकवायचं नसतं. जाहिरातीच्या पानावरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्या एकमेकींशी जुळत नाहीत, एवढं दाखवायचं असतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त लागू पडला असं मला वाटतं, कारण त्यात बाजाराला स्वतःची जबाबदारी दिसते.

पोच वेळेत आली. काही दिवसांनी राणीछापची जाहिरात उतरली आणि पाठोपाठ दुसऱ्या नावाने परत चढली. खड्डा तोच. मी जुना तक्रार क्रमांक टाकून परत लिहिलं आणि दोन्ही फोटो शेजारी लावले. या वेळी उत्तर लवकर आलं.

काकूंच्या पैशांचं प्रकरण वेगळं चालवावं लागलं. माल परत करायची मुदत उलटून गेली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्याच कागदपत्रांसह. मुदत परत करण्यासाठी असते, खोट्या वर्णनाला मुदतीचं संरक्षण नसावं, हा आमचा मुद्दा होता. पैसे परत आले. फोनवर काकू स्वतः बोलल्या, मी फक्त शेजारी बसले होते.

याच दिवसांत त्यांना व्हॉट्सॲपवर एक निरोप आला. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाखांना विकत घेऊ, सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र आणि ‘फाईल चार्ज’ भरायची विनंती. ते नाणं २०१२ सालचं, चलनातलं आणि सहज मिळणारं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला निवेदन काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. पैसे गेले नव्हते, म्हणून तो क्रमांक आम्ही ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या, संशयास्पद फोन आणि निरोप कळवायच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवला. पैसे गेले असते तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तिथे एक-एक तास महत्त्वाचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येते.

अस्सल राणीछाप बघायची इच्छा असेल त्यांनी मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात जावं, किंवा नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथे. डोळा एकदा खऱ्यावर बसला की फोटोतलं खोटं लवकर खुपतं.

मखमलीवरच्या राणीछापची तक्रार अजून चालू आहे. राम दरबारवाल्याने मात्र शीर्षक बदललंय. ‘पूजेसाठी धार्मिक मुद्रा, नवीन, लोखंडावर तांब्याचा मुलामा, १२० रुपये.’ साल काढून टाकलंय, व्हिडिओही. मी ते पान नीट वाचलं आणि त्याविरुद्ध काही नोंदवलं नाही.