आयर्विनला किती?

जुलै सरत आला की सांगलीत कुणी कुणाला ‘काय चाललंय’ विचारत नाही. ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात, आणि उत्तर फुटांत येतं. भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, सगळ्यांना आकडा माहीत असतो. पुढचा प्रश्नही ठरलेला: चढतंय का थांबलंय? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल; त्याच्यापाशी ४० फुटांना इशारा पातळी धरतात, ४५ ला धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्याही पुढं. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, असं मी बाहेरगावच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा ते हसतात. हसू देत.

मी गावभागाच्या कडेला असलेल्या एका छोट्या विनाअनुदानित शाळेत लिपिक आहे. पहिली ते सातवी, एकेक तुकडी, दुमजली इमारत. अशा शाळेत लिपिक म्हणजे फी घ्यायची, दाखले लिहायचे, यू-डायस (सरकारला द्यायची शाळेची माहिती) भरायचं, पावसाळ्यात खिडक्यांच्या काचांसाठी माणूस शोधायचा आणि दर महिन्याला पालकांना जाणारं पत्रकही काढायचं. पत्रकाच्या वरच्या अर्ध्या पानावर मागच्या महिन्याच्या बातम्या, खालच्या अर्ध्यावर पुढच्या महिन्याचे उपक्रम. खालचं सगळे वाचतात, कारण सुट्ट्या त्यात असतात. वरचं फक्त ज्यांच्या मुलाचं नाव छापून आलंय तेच वाचतात.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या वेळी ऑगस्टचं पत्रक छापायला जायच्या बेतात होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. साल एकच, १९२०, तारीखही एकच, त्यामुळं दरवर्षी चौथीतलं कुणीतरी भाषणात टिळकांचा जन्म वाटेगावात घालतंच. दोनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती. वाटेगाव आणि येडेमच्छिंद्र दोन्ही वाळवा तालुक्यातली, म्हणून त्या सगळ्याला आम्ही ‘वाळव्याचा आठवडा’ असं नाव दिलं होतं. मग पालकसभा, वृक्षारोपण (हे संस्थेच्या सचिवांच्या आग्रहाखातर, झाडांपेक्षा फोटोसाठी), आणि दप्तराविना शनिवारी हरिपूरची सहल: कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं.

तो दिवस बुधवार होता. पाऊस आमच्याकडे फारसा नव्हताच. हे बाहेरच्यांना कळत नाही. सांगलीत पूर येतो तो सांगलीतल्या पावसानं नव्हे. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर तिकडं कोसळत असतं, कोयनेचे दरवाजे उचलतात, ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि आमच्याकडे येतं. आम्ही मात्र इकडं कोरड्या रस्त्यावर उभं राहून पाण्याची वाट बघतो. खाली हरिपूरला वारणाही भरून आलेली असली तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, शहरातच तुंबतं. त्याच्याही खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे, पण तो विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास जातो आणि चहा गार होतो, म्हणून इथं काढत नाही.

सकाळी सात वाजल्यापासून पालकांचे फोन. कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांचं सुट्टीचं आदेशपत्र फिरवलं होतं. ते मागच्या पावसाळ्यातलं होतं, तारखेवर बोट फिरवून पुसट केलेलं. खरा आदेश आलेला नव्हता, म्हणजे शाळा भरणार. मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ठरवलं, मुलं आलीत तर शिकवायचं. निम्म्याहून थोडी जास्त आली.

पहिली सुट्टी व्हायच्या आत सातवीतला एक मुलगा ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. अंगानं किरकोळ, वर्गात फारसा न बोलणारा. हातात गणिताची वही.

“मॅडम, मला साडेअकराला सोडा.”

“का रे, बरं वाटत नाही?”

“बरंय. दीडला आमच्या उंबऱ्याला पाणी लागतंय.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मांडलंय.”

वहीच्या शेवटच्या पानावर खरंच मांडलेलं होतं. साडेनऊला आयर्विनला ३१ फूट ४ इंच. त्याच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते ३३ फुटांना, हे त्याला आधीच्या पावसाळ्यांपासून माहीत. म्हणजे राहिले २० इंच. पहाटेपासून तासाला पाच इंचांनी चढतंय, म्हणजे चार तास. साडेनऊ अधिक चार. खाली वेगळ्या रंगानं लिहिलं होतं: ‘रस्ता आधी जातो.’ म्हणून साडेअकरा.

पप्पा टेम्पोवर असतात, सकाळीच माल घेऊन मिरजेला गेलेत. घरात मम्मी आणि आजी. आजी उठत नाही, तिला उचलायला दोन माणसं लागतात. हे सगळं त्यानं न रडता, न घाबरता सांगितलं.

नियम असा की पालक न्यायला आल्याशिवाय मूल गेटबाहेर सोडायचं नाही, आणि पालकानं वहीत सही करायची. हा नियम चांगला आहे, तो आम्हीच केलाय. त्याच्या आईचा फोन सतत व्यग्र. वडलांचा लागेना. मोठ्या मॅडम म्हणाल्या, “बारा वर्षांचं पोर मी पाण्याच्या दिशेनं एकटं सोडणार नाही.” हे बरोबरच होतं. पण त्याला बसवून ठेवायचं आणि तिकडं दोन बायांनी म्हातारीला उचलायचं, हेही कुणाला गिळवेना. मग गणिताचे सर आले, त्यांनी वही बघितली. सरांना वाटलं, पोराची भीती कमी करावी. म्हणाले, “हे बघ, पाणी पात्राबाहेर पसरायला लागलं की चढ मंदावतो. तासाला पाच इंच टिकणार नाहीत.”

तो म्हणाला, “सर, वारणा पण आलीय. हरिपुरात अडतंय. कमी नाही होणार.”

सर गप्प बसले.

मला त्या क्षणी जे सुचलं त्याचं श्रेय माझं नाही, त्याच्या वहीचं आहे. याच्या घराला ३३ लागत असतील तर बाकीच्यांच्या घरांना किती? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, पाणी आधी शिरतं ते भाग इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. आमची मुलं त्यातल्या कुठल्या गल्लीत राहतात ते मात्र शाळेत एका जागी कुठंच लिहिलेलं नव्हतं. आमच्या याद्या इयत्तेप्रमाणं, हजेरी क्रमांकाप्रमाणं, फी थकबाकीप्रमाणं. प्रवेश अर्जांवर पत्ते होते, पण निम्म्यांनी भाड्याची घरं बदललेली. शेवटी मी वर्गावर्गात जाऊन मुलांनाच विचारलं. “कुणाकुणाच्या घरात ४० च्या आत पाणी येतं?” पहिलीतलीसुद्धा हात वर करत होती. एका चिमुरडीनं सांगितलं, “आमच्यात छत्तीसला,” आणि शेजारच्या मुलीकडं बोट केलं, “हिच्यात नाही, ही वरच्या मजल्यावर.”

जवळजवळ वीस मुलं निघाली. फळ्यावर यादी केली, उंचीच्या क्रमानं. सगळ्यात खालच्या घरातल्याचा फोन सगळ्यात आधी. मी, मोठ्या मॅडम आणि चित्रकलेच्या बाई, तिघी तीन फोनवर. सर गेटवर सह्यांची वही घेऊन. शिपाईमामांना मोटरसायकल देऊन त्या मुलाच्या घरी पाठवलं, त्याच्या आईला सांगायला की पोरगं सुरक्षित आहे आणि तुम्हाला उचलायला माणूस आलाय. माणूस म्हणजे मामाच. त्यांची साठी जवळ आलीय, पण आजीला त्यांनीच उचललं.

या धांदलीत सचिवांचा फोन. वृक्षारोपणाची रोपं आलीत, ती उतरवून घ्या. घेतली उतरवून. दुसरं काय करणार?

अकरा वाजून गेल्यावर त्या मुलाचे वडील टेम्पोसकट दारात. मिरजेतच त्यांना कुणीतरी आकडा सांगितला होता, ते माल तसाच ठेवून परत फिरले होते. मला वाटलं, पोराला घेतील आणि सुटतील. तेवढ्यात त्यांची नजर ऑफिसात गेली. मी आणि मावशी खालच्या कपाटातली रजिस्टरं काढून बाकावर चढवत होतो. त्यांनी विचारलं, “जनरल रजिस्टर वर नेलं का?”

मी म्हटलं, “नेतोय.”

“आधी ते न्या. हजेऱ्या गेल्या तर गेल्या.”

ते आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. २०१९ ला घर पाण्याखाली गेलं होतं. रेशनकार्ड, गुणपत्रकं, दाखला, सगळ्याचा लगदा झाला. पुढं कर्जाच्या कामाला जन्मतारखेचा पुरावा लागला तेव्हा शाळेत येऊन त्यांनी जनरल रजिस्टरचा उतारा नेला होता. त्या पुरात रजिस्टर वाचलं ते योगायोगानं, कुणीतरी ते तपासणीसाठी वर नेऊन ठेवलं होतं. जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, या शाळेतून किती साली गेला, हे सगळं ज्या एका ओळीत असतं ती ओळ गेली तर माणसाला कचेऱ्यांचे किती उंबरे झिजवावे लागतात, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे. त्यांनी ते बाहेरच्या बाजूनं भोगलेलं होतं. पोराला म्हणाले, “चल, एक बाजू धर.” बापलेकांनी जुन्या बांधणीची जाडजूड रजिस्टरं, दाखल्यांची स्थळप्रत पुस्तकं, सेवापुस्तकं वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गात नेऊन ठेवली. मग सही करून गेले. जाताना पोरगं सरांना म्हणालं, “सर, तासाला साडेपाच झालंय.”

दुपारपर्यंत यादीतली सगळी मुलं घरच्यांच्या ताब्यात गेली. महापालिकेची स्पीकर लावलेली गाडी त्यानंतर फिरली, सुट्टीचा खरा आदेश संध्याकाळी आला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला फोन केला तर मुलगाच बोलला. सगळे माधवनगरला आत्याकडं होते, आजी खाटेवर, फ्रिज टेम्पोत. पण तो नाराज होता. पाणी दीडला नव्हे, एकच्या आधीच आलं होतं. “नदीकडनं नाही आलं मॅडम, गटारातनं उलटं आलं. गटाराचं मी धरलंच नव्हतं.”

त्या वेळी पाणी ४० च्या आसपास जाऊन टेकलं आणि हळूहळू उतरलं. आमच्या शाळेच्या पायरीलाही लागलं नाही. त्यावरून पुढच्या बैठकीत सचिव म्हणाले, उगाच धावपळ केलीत, रजिस्टरं आता खाली आणा. मी नाही म्हटलं. एवढ्या वर्षांत बैठकीत मी नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जपायचं दप्तर आहे, आणि नदीकाठच्या गावात कायमस्वरूपी म्हणजे वरच्या मजल्यावर. मोठ्या मॅडमनी माझी बाजू घेतली. रजिस्टरं वरच आहेत. दाखल्यासाठी दरवेळी जिना चढून माझे गुडघे बोलतात, ते वेगळं.

बाकी पत्रकाचं काय झालं म्हणाल तर वाळव्याचा आठवडा उरकला पंधरा दिवस उशिरा, टिळक, अण्णाभाऊ आणि नाना पाटील तिघांना एकाच दुपारी बसवून. रोपांपैकी निम्मी जगली. बुडालेले दिवस भरून काढायला शनिवारी पूर्ण वेळ शाळा आणि काही रविवार, कारण पाचवीपर्यंत २०० आणि सहावी-सातवीला २२० दिवस भरावे लागतात. पुरानं ते कमी होत नाहीत. त्यावर पालकसभेत जोरदार भांडण झालं. सगळ्यात जास्त बोलले ते ज्यांच्या घरात पाणी आलं नव्हतं ते.

उंचीची यादी आता दर जूनमध्ये होते. प्रवेश अर्जावर एक रकाना वाढवलाय: घरात पाणी कितीला येतं. बहुतेक जण न विचारता इंचासकट लिहितात. ३० फुटांच्या खाली राहणाऱ्यांच्या घरी २७ ला फोन जातो, आदेशाची वाट न बघता. गटाराची सूट म्हणून सर त्यात एक फूट आधीच धरतात.

हरिपूरची सहल त्या वर्षी दिवाळीच्या आधी झाली. संगमावर तेव्हा नदी एवढी खाली होती की मुलांना खरंच वाटेना. पेवं दाखवणाऱ्या आजोबांनी जमिनीखालच्या त्या खोल कोठारांचं तोंड दाखवलं, हळद त्यात कशी वर्षानुवर्षं टिकायची ते सांगितलं, आणि २००५ ला पाणी आत शिरून कशी नासली तेही. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवं आता मोजकीच. आमचा गणितज्ञ विचारत होता, हरिपूरला तेव्हा आयर्विनचे किती फूट धरायचे. आजोबांना ते काही सांगता आलं नाही.

आता पुढच्या महिन्याचं पत्रक तयार आहे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं म्हणून पाचवी-सहावीची नाटुकली. मग क्रीडा सप्ताह, डिसेंबरात बालबाजार, आणि पुढच्या ऑगस्टसाठी वाटेगावची सहल आत्ताच ठरलीय. तिच्या तारखेपुढं ‘आयर्विनला २५ फुटांच्या आत पाणी असल्यास’ असं छापावं का, यावर सचिव आणि मोठ्या मॅडम अजून वाद घालतायत. सचिवांना ते अपशकुनी वाटतं. मी छापायला देऊन टाकलंय.