बलरामाला कुणी सांगत नाही

शनिवार, रात्री पाऊण

झोप येत नाही. कानात अजून ऑर्गन चालू आहे, म्हणून वही उघडली.

आज धाकटीने ओढून ‘संगीत सौभद्र’ला नेलं. मंडळी बाहेरगावची. सकाळी टेम्पोतून पडदे, ऑर्गन आणि माणसं पुण्यात उतरली, रात्री प्रयोग, उद्या पहाटे पुढचं गाव. अर्जुनाचा आवाज प्रवासाने बसला होता. पण तिसरी घंटा झाली, धुपाचा वास आला की मला असल्या तक्रारी सुचत नाहीत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी या नाटकाचे पहिले तीन अंक १८८२ मध्ये इथे पुण्यातच रंगभूमीवर आणले, उरलेले पुढच्या वर्षी. सुभद्रा तेव्हा भाऊराव कोल्हटकर करायचे. मूळ पदं शंभराच्या वर. आज जेमतेम पंचवीस झाली असतील. तीन तासांत बसवायचं तर कात्री लागणारच, पण साक्या-दिंड्या, म्हणजे साध्या चालीची छोटी पदं, गेल्या याचं वाईट वाटलं. गोष्ट पुढे ढकलायचं काम त्याच करतात. नुसती मोठी पदं ठेवली की नाटकाची मैफल होते. ‘नच सुंदरी करूं कोपा’ला वन्समोअर मिळाला, आणि कृष्णाने दुसऱ्यांदा इतकं लांबवलं की बिचाऱ्या रुक्मिणीने रुसायचं तरी किती वेळ!

खरी गंमत मला गाण्यांपेक्षा घरात वाटते. द्वारकेचं राजघराणं किर्लोस्करांनी थेट पेठेतल्या वाड्यात आणून बसवलंय. थोरल्या भावाने बहिणीचं दुर्योधनाशी ठरवून टाकलेलं, तिचं मन अर्जुनावर, आणि कृष्ण सगळ्यांशी गोड बोलून आतून सूत्रं हलवतोय. संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला बलराम स्वतःच घरी आणतो आणि सुभद्रेलाच त्याच्या सेवेला नेमतो. सगळे हसत होते. धाकटीने कोपर मारलं, “दादा, तू आलास बघ.”

२००१ साली तिचं मी नाशिकच्या एका इंजिनियरशी ठरवत आणलं होतं. सुपारी फुटायची तेवढी बाकी. बाबा गेल्यावर घरातला कर्ता मी. वय एकोणतीस, अक्कल त्याहून बरीच कमी. तिच्या वर्गातला एक मुलगा नोट्स द्यायला यायचा. फार सालस वाटायचा. “त्याला चहा टाक गं,” असं मीच तिला सांगायचो. तोच आता आमचा मेहुणा. कळलं तेव्हा आठ महिने तिच्याशी बोललो नव्हतो.

त्यामुळे असेल, आज बलराम चिडला तेव्हा मला हसू आलं नाही. थिएटरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट त्या एकट्याला ठाऊक नसते.

प्रयोगानंतर कोपऱ्यावर चहा घेतला. मी सहज विचारलं, “आपल्याकडे कृष्ण कोण होतं गं?”

ती कपात फुंकर मारत राहिली. मग म्हणाली, “नोट्स द्यायला दादा घरी असतानाच येत जा, म्हणजे संशय येणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं असेल?”

आई! माझ्या शेजारी बसून, चष्मा लावून, नाशिककरांची पत्रिका बघत होती ती.

आतल्या खोलीतून तिचा खोकला ऐकू येतोय. जागी दिसतेय.