टाकी भरली की बंद पडणारे इंजिन

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात माझ्या काकांची फायबरची होडी आहे. तिच्यात दोन सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन बसवलेले आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी ताडपत्रीखाली उभी होती. ऑगस्टमध्ये ती पाण्यात उतरवली, तेव्हा पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झाले, दहा-बारा मिनिटे उत्तम चालले आणि पनवेल खाडीच्या मध्यावर बंद पडले. पुढच्या पंधरवड्यात हेच तीनदा घडले. तिसऱ्या वेळी ओहोटीने होडी वाहत जाऊन चिखलात रुतली आणि काकांना पुढची भरती येईपर्यंत सहा तास खाजणात बसून काढावे लागले.

मी महापे येथील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. त्यामुळे घरात कोणतेही यंत्र बिघडले की मला बोलावणे येते. या वेळी ते जरा उशिरा आले. तोपर्यंत काकांनी दोन्ही नोझल नवीन टाकले होते, नोझलला दाबाने डिझेल पुरवणारा पंप वर्कशॉपमधून कॅलिब्रेट करून आणला होता आणि फिल्टर दोनदा बदलला होता. वर्कशॉपवाल्यांचा यात काहीही दोष नाही. त्यांना पंप तपासायला सांगितला, त्यांनी पंप तपासला. दोष कुठे आहे हे ठरवण्याआधीच आम्ही पैसे खर्च केले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतो, तो आपोआप पेटतो. एकदा चालू झालेले आणि गरम असलेले इंजिन दहा मिनिटांनी अचानक दाब धरायचे सोडून देईल, हे सहसा घडत नाही. म्हणून संशय पहिल्यांदा इंधनावर घ्यावा लागतो. त्यातही इंजिन कसे बंद पडते, हे मी नेहमी आधी विचारतो. काकांनी वर्णन केले ते असे: आधी आवाज खाली जातो, मग वर येतो, पुन्हा खाली जातो, आणि शेवटी धूर न टाकताच इंजिन शांत होते. काळा धूर असता तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त पडते असे म्हणता आले असते. पांढरा असता तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही असे मानले असते. धूरच नाही, याचा अर्थ डिझेलच पोहोचत नाही.

जेटीवर इंजिनाची कोणतीही तक्रार सांगितली की पहिला प्रश्न येतो, ‘एअर काढली का?’ हा प्रश्न चुकीचा नाही. साध्या नोझलला उघडण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला २०० किलोच्या आसपास दाब लागतो. पाइपमध्ये हवा शिरली की पंप ती हवाच दाबत राहतो, ती स्प्रिंगसारखी आकसते आणि प्रसरते, आणि नोझल उघडतच नाही. काका दर वेळी फिल्टरवरचा बोल्ट सैल करून, हातपंप मारून हवा काढत होते आणि दर वेळी खरोखरच फेस बाहेर येत होता. त्यामुळे कुठेतरी जोड गळतो, ही त्यांची समजूत पक्की झाली होती. एअर निघते, इंजिन चालते, पुन्हा एअर येते; पण ती का येते, हा प्रश्न या फेऱ्यात मागेच राहिला.

मी होडी जेटीला दोन दोरांनी घट्ट बांधायला लावली, म्हणजे गिअर टाकून इंजिनावर भार देता येईल. मग पाच लिटरचा उघड्या तोंडाचा कॅन ताडपत्रीच्या बांबूला सलाईनच्या बाटलीसारखा टांगला आणि त्याची नळी थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडली. टाकी वगळली गेली. इंजिन चाळीस मिनिटे एका लयीत चालले आणि मीच ते बंद केले. या एका चाचणीने फीड पंप, फिल्टर, पंप आणि नोझल हे सगळे निर्दोष ठरले. ज्यांच्यावर खर्च झाला होता ते भागही त्यातच आले. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी बिडी पेटवली.

उरली टाकी आणि तिच्यापासून येणारी नळी. पुन्हा टाकी जोडताना मी मध्ये हातभर पारदर्शक नळी घातली. पहिली सात-आठ मिनिटे तिच्यातून स्वच्छ पिवळसर डिझेल वाहत होते, एकही बुडबुडा नाही. नंतर मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले आणि बघता बघता ते साबुदाण्याएवढे झाले. इथे मी थबकलो. जोड सैल असेल तर बुडबुडे पहिल्या मिनिटापासून दिसायला हवेत. हे मात्र वेळेनुसार वाढत होते, म्हणजे ओढ वाढत होती. टाकीच्या कॉकखालचा तांब्याचा वॉशर झिजलेला निघाला. तो बदलल्यावर बुडबुडे जवळजवळ थांबले, पण इंजिन बाराव्या मिनिटाला पुन्हा खाली-वर करू लागले. नळी भरलेली होती आणि तरीही डिझेल पुढे सरकत नव्हते.

तेवढ्यात माझा चुलत भाऊ सहज म्हणाला, ‘दादा, मागच्या आठवड्यात टाकी अर्धीच होती, तेव्हा घारापुरीपर्यंत जाऊन आलो. कुठे बंद नाही पडली.’ ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, कारण अर्ध्या टाकीवर चालणारे आणि भरल्या टाकीवर बंद पडणारे इंजिन कोणाच्याच हिशेबात बसत नव्हते.

मी हात लांब करून टाकीचे झाकण फिरवले. सुस्स असा लांबलचक आवाज झाला, हवा आत खेचली गेली आणि गुदमरत असलेले इंजिन आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा पूर्ण आवाजात चालू लागले.

टाकीतून डिझेल बाहेर जाते, तेवढी हवा आत यायला हवी. ती येण्यासाठी वर एक वाकवलेली बारीक नळी असते. आमच्या टाकीची ती नळी बंद होती. टाकी ४० लिटरची आहे. ती गळ्यापर्यंत भरली की वर जेमतेम लिटरभर हवा राहते. हे इंजिन भाराखाली तासाला साधारण दोन लिटर डिझेल खाते, म्हणजे बारा मिनिटांत सुमारे ४०० मिलिलिटर. लिटरभर हवेला तेवढी जागा आणखी व्यापावी लागली की तिचा दाब चौथ्या हिश्श्याहून अधिक उतरतो, आणि इतक्या ओढीविरुद्ध फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही. अर्ध्या टाकीत मात्र वर वीस लिटर हवा असते. तेवढ्याच वेळात तिचा दाब नगण्य उतरतो. प्लास्टिकचा कॅन असता तर आत पिचकून त्याने स्वतःच सांगितले असते. लोखंडी टाकीवर काहीच दिसत नाही. शिवाय दर फेरीआधी डिझेल भरायला झाकण उघडले जात असे, त्यामुळे जेटीवर कोणी पाहायला आले की इंजिन शहाण्यासारखे वागत असे.

नळी काढून तारेने खरवडली, तेव्हा करंगळीच्या पेराएवढा वाळलेल्या मातीचा गोळा बाहेर पडला. तो फोडल्यावर आत बारीक कोळी निघाले. कुंभारीण माशीने पावसाळ्यात तिथे घर केले होते आणि अळीच्या खाण्यासाठी ते कोंबून ठेवले होते. कोळ्याच्या होडीत कोळीच अडकले, हा विनोद काकांनी त्या संध्याकाळी निदान चार जणांना ऐकवला.

माझी स्वतःची चूक मात्र विनोदात घालवता येणार नाही. नळी कदाचित आधीच्या पावसाळ्यांतही अधूनमधून बंद झाली असेल, पण तेव्हा झाकण ढिले होते आणि त्याच्या फटीतून हवा येत होती. यंदा मे महिन्यात, पावसाचे पाणी डिझेलमध्ये जाऊ नये म्हणून, त्या झाकणाला मीच नवीन रबरी वॉशर बसवला होता. तो बसवणे योग्यच होते, कारण पाणी मिसळलेले डिझेल पंपाला खराब करते. पण झाकण हवाबंद करताना हवेची दुसरी वाट मोकळी आहे की नाही, हे मी पाहिले नव्हते.

वॉशर तसाच ठेवला आहे. हवेची नळी बदलून तिचे तोंड खाली वळवले आणि त्यावर पितळी जाळीचा तुकडा तारेने आवळला. पारदर्शक नळी मी काढणार होतो, पण काकांनी ती राहू द्यायला सांगितली. ती उन्हाने आणि डिझेलने कडक होईल, म्हणून दिवाळीनंतर तिच्या जागी पुन्हा तांब्याची नळी टाकायची आहे. आता होडी सोडण्याआधी काका हवेच्या नळीला तोंड लावून एक जोरदार फुंकर मारतात, हवा आत जाते ना हे पाहतात आणि मग तोंड पुसून हँडल हातात घेतात.