क्रूगरमध्ये आपलीच गाडी, आपलीच सफारी: माझा अनुभव

जोहान्सबर्गला कामानिमित्त आलो तेव्हापासून नागपूरचा एक मित्र मागे लागला होता की दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कला जाऊ. त्याने ताडोबा कितीतरी वेळा केलेलं, त्यामुळे त्याच्या डोक्यात जिप्सी, गाईड, सकाळची एक फेरी आणि दुपारची एक फेरी असं गणित पक्कं बसलेलं. स्वतःची साधी पोलो गाडी घेऊन जंगलात शिरायचं आणि सोबत कोणी नाही, हे त्याला शेवटपर्यंत खरं वाटेना.

सगळ्यात आधी बुकिंग. पार्क चालवणाऱ्या सॅनपार्क्सच्या साईटवर आतल्या कॅम्पमधल्या खोल्या बुक होतात आणि शाळांच्या सुट्ट्या किंवा लाँग वीकेंड असेल तर महिनोन्‌महिने आधी भरून जातात. आम्हाला साधा वीकेंड असूनही एक रात्र बर्ग-एन-दाल आणि एक रात्र लोअर साबी अशी तुटक जागा मिळाली, पण तेच बरं झालं कारण त्यामुळे एका गेटने आत आणि दुसऱ्याने बाहेर असा रूट आपोआप तयार झाला. खोलीचे पैसे वेगळे आणि माणशी रोजची एंट्री फी वेगळी. परदेशी माणसाला ही फी स्थानिकांच्या चौपटीच्याही वर पडते, त्यामुळे इथं राहत असाल तर राहण्याच्या परमिटचा कागद सोबत ठेवा, आणि वर्षातून बऱ्याचदा जायचं असेल तर वाइल्ड कार्ड, म्हणजे वर्षभराचा पास, काढलेलं परवडतं. सगळं क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, इथल्या हिवाळ्यात (म्हणजे जून-ऑगस्टमध्ये) धोका कमी असतो तरी डॉक्टरला विचारून घ्या.

शुक्रवारी सुट्टी टाकून सकाळीच निघालो. एन४ हायवेने मालेलाने गेट चारशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता मख्खन आहे आणि आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असल्याने काही जड जात नाही, फक्त टोल पुरे पुरे करतात. घाई एवढ्यासाठी की हिवाळ्यात गेट सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला बंद होतं, कॅम्पचं फाटकही तसंच. उशीर झाला तर दंड. गेटवर बुकिंग आणि ओळखपत्र बघून एक परमिटची चिठ्ठी देतात, ती जपायची, बाहेर पडताना मागतात.

आता मुख्य मुद्दा. क्रूगर १९,४८५ चौरस किलोमीटर आहे, ताडोबाचा कोअर आणि बफर मिळून साधारण १,७०० होतो, म्हणजे अकरापट. नकाशा उघडला की माणसाला हाव सुटते, हे पण करू ते पण करू. पण डांबरी रस्त्यावर लिमिट ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४०, आणि तेवढ्या स्पीडने गेलात तर काही दिसतच नाही. थांबत थांबत गेलं की तासाला वीस-पंचवीस किलोमीटर होतात, बस. बर्ग-एन-दालहून स्कुकुझा या मोठ्या कॅम्पमार्गे लोअर साबी साधारण ११० किलोमीटर आहे आणि आम्हाला त्याला शनिवारचा अख्खा दिवस लागला. त्यामुळे किलोमीटर नाही, तास मोजा, आणि शेवटच्या तासात नदीकाठी कुठे काय दिसलं तर थांबता येईल एवढी जागा वेळापत्रकात ठेवा.

गाईड नाही म्हणजे प्राणी शोधायचे कसे? खरं सांगू का, निम्मे प्राणी दुसऱ्यांच्या गाड्या शोधून देतात. पुढे पाच-सहा गाड्या वेड्यावाकड्या उभ्या दिसल्या की हळू करायचं, काच खाली करायची आणि विचारायचं, लोक आनंदाने सांगतात की त्या झाडाखाली, डावीकडच्या फांदीच्या सरळ रेषेत बघ. असेच आम्हाला सिंह दिसले, म्हणजे गवतात एक कान आणि एक शेपटी. मित्र म्हणाला, "काय बे, एवढ्यासाठी एवढे लोक?" आणि नंतर तोच दुर्बीण सोडेना. कॅम्पमध्ये एक मोठा नकाशा-बोर्ड असतो, त्यावर लोक रंगीत खुणा लावतात की कुठे काय दिसलं. गेंडा मात्र त्या बोर्डवर लावत नाहीत, शिकारी टोळ्यांमुळे.

गाडीतून उतरायचं नाही, खिडकीबाहेर अंग काढायचं नाही, फक्त कॅम्प आणि ठरवून दिलेल्या पिकनिक स्पॉटवर उतरायला परवानगी. म्हणून चहा-पाणी-बाथरूम या तिन्हीचं प्लॅनिंग त्यावरच ठरतं. आमच्या रूटवर अफसाल, मग स्कुकुझा, मग एनकुलू. एनकुलूला साबी नदीच्या काठावर मेथीचे पराठे उघडले आणि शेजारच्या टेबलावरून एका माकडाने अख्खं सँडविच उचललं, तेव्हापासून आमची चटणीची बाटली मित्राच्या मांडीवर.

हत्तीचं मात्र मनावर घ्या. मातीच्या रस्त्यावर एका वळणानंतर एकटा नर समोरून येत होता, डोळ्यामागून कानशिलावर ओला ओघळ, मागच्या पायांमध्येही ओलं, म्हणजे मस्तावलेला. अशा वेळी हॉर्न नाही, लाईट मारायचा नाही, इंजिन बंद करायचं नाही. मी हळूहळू रिव्हर्स घेत गेलो, मित्र मागे बघून डावं-उजवं सांगत होता आणि त्याचा आवाज चांगलाच बारीक झाला होता. बराच मागे गेल्यावर हत्ती आपणहून झाडीत वळला. त्या वेळी मागे दुसरी गाडी चिकटलेली असती तर काय केलं असतं ते माहीत नाही, म्हणून हत्तीच्या जवळ असलेल्या गाडीला मागे यायला जागा नेहमी सोडा.

एच४-१, म्हणजे स्कुकुझा ते लोअर साबी नदीकाठचा रस्ता, हा या भागातला सगळ्यात गर्दीचा, पण गर्दी उगाच नाही. शेवटी सनसेट डॅमला पाणघोडे, मगरी आणि बगळे एवढ्या जवळून दिसतात की झूम लागत नाही. आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊ तर ठायी ठायी फांदीवर बसलेला असतो, लोक सिंहाच्या नादात त्याच्याकडे बघतही नाहीत.

रात्री खोलीबाहेर ब्रायची, म्हणजे इथल्या बार्बेक्यूची, शेगडी असते. आम्ही वांगी भाजून भरीत केलं. कुंपणापलीकडून तरस वासावर येऊन चकरा मारतात, त्यांना काही टाकू नका, सवय लागलेल्या प्राण्याला नंतर मारावं लागतं.

रविवारी क्रोकोडाइल ब्रिजने बाहेर पडायचं असेल तर दुपारी लवकर निघा. एन४ वर मोझांबिकच्या मापुतोला जाणारे-येणारे ट्रक लांबच लांब असतात आणि अंधार पडल्यावर त्यांना ओव्हरटेक करत जोहान्सबर्ग गाठणं हे मला तरी त्या हत्तीपेक्षा जास्त भीतीचं वाटतं.